आप्पांच्या अंगावरचा शालू

माझे वडील वर्षभर नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर लोखंड कातायचे आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी राणी व्हायचे. यात काही विशेष आहे हे मला बरीच वर्षं कळलंच नाही. कुणाचे वडील भजनात टाळ वाजवतात, कुणाचे सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात, तसे आमचे आप्पा राणी होतात, एवढंच. शाळेत एका मुलीनं हसून विचारलं तेव्हा मी तिची वेणी ओढली होती, पण तीसुद्धा सवयीनं. मला तेव्हा कुणाचीही वेणी ओढायला फारसं कारण लागत नसे.

आमचं गाव शेवगाव रस्त्यावरून थोडं आत. नव्वदीच्या त्या वर्षांत आसपासच्या गावांनी नाटकासाठी शहरातून नट्या आणायला सुरुवात केली होती. पोस्टरवर त्यांचे फोटो लागत आणि नाटक कुठलं आहे याची चौकशी कुणी करत नसे. आमच्या गावात मात्र आजोबांच्या काळापासून एकच ऐतिहासिक नाटक चालत आलेलं, आणि त्यातली राणी गावातल्या बाप्यानंच करायची, असा रिवाज. त्याला कारण होतं राणीचा पोशाख.

बाकी सगळ्यांचे पोशाख नगरहून भाड्यानं येत. अंगरखे, मंदील, कमरेचे शेले, पुठ्ठ्यावर मखमल चिकटवलेले टोप, लाकडी तलवारी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरून टेम्पोतून यायचं. एका वर्षी ड्रेपरीवाल्यानं चुकून पौराणिक नाटकाची पेटी पाठवली, तेव्हा आमच्या सेनापतीनं इंद्राचा मुकुट घालून लढाई मारली होती आणि गावाला ते फार आवडलं होतं. बादशहा व्हायचे पिठाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या मापाचा जामा नगरच काय, पुण्यातही मिळाला नसता. म्हणून आहे तो पाठीमागून उसवून सुतळीनं बांधत. त्यामुळे बादशहा प्रेक्षकांकडे कधीच पाठ करत नसत. दरबारातून जातानाही तोंड आमच्याकडे ठेवून मागे मागे सरकत विंगेत जायचे. गावातली म्हातारी माणसं म्हणत, असा रुबाबदार बादशहा पंचक्रोशीत नाही.

राणीचा पोशाख मात्र भाड्याचा नव्हता. तो देवीचा होता. फार पूर्वी, पहिल्याच वर्षी, राणीला नेसायला धड लुगडं मिळेना, तेव्हा गुरवानं अष्टमीला देवीला नेसवलेला जरीचा शालू नाटकासाठी काढून दिला, असं सांगत. दिला, पण अटी घालून दिला. नेसणाऱ्यानं घटस्थापनेपासून उपास करायचा. शालू एकदा अंगावर चढला की नाटक होऊन देवीची आरती होईपर्यंत उतरवायचा नाही. आणि तो अंगावर असेपर्यंत कुणापुढं वाकायचं नाही. माणसापुढं नाही, पाटलापुढं नाही, रंगभूमीवरच्या बादशहापुढंही नाही.

या शेवटच्या अटीनं नाटकाची चांगलीच पंचाईत केली होती. मूळ नाटकात राणी भर दरबारात गुडघे टेकून, पदर पसरून मुलाचे प्राण मागते, असा प्रवेश होता. आमच्या गावात ती उभ्यानं मागायची. ताठ मान करून, सरळ बादशहाच्या डोळ्यांत बघून मागायची, आणि बादशहा मुकाट्यानं देऊन टाकायचे. न देऊन करतात काय, समोर देवीचा शालू उभा. एकदा नगरच्या कॉलेजातले कुणी प्राध्यापक नाटक बघायला आले होते. ते म्हणाले की या प्रवेशात करुणरस पूर्ण मारला गेलाय. गिरणीवाल्या बादशहांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की असेल मारला गेला, पण देवीला राग येण्यापेक्षा रस गेलेला परवडला.

आप्पांनी राणी धरली ती लग्नाआधीपासून. घटस्थापनेच्या सकाळी ते मिशी उतरवायचे. कारखान्यातले लोक कॅलेंडर बघायचेच नाहीत म्हणे; आप्पांचा ओठ मोकळा दिसला की नवरात्र बसलं. आप्पा मूळचे सावळे, खांद्यांत रुंद, हाताला कायम मशीनच्या तेलाचा वास. त्या हातांत हिरव्या बांगड्या चढवायच्या म्हणजे आई आणि साबण यांची कसोटी लागायची. पितळी ठुशी, पुतळ्यांची माळ, बाजूबंद हे सगळं आई आदल्या दिवशी चिंचेनं घासून लखलखीत करायची. नथ दाबाची. अंबाडा घातलेला केसांचा टोप तेवढा नगरहून यायचा आणि त्याला दरवर्षी कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास असायचा.

नेसवण्याचं काम आईचं. नऊवारी शालू, त्यातून जाड जरीचा, आणि आप्पांचा घेर. आई निऱ्या दातांत धरायची, गुडघा आप्पांच्या कमरेला लावायची आणि बैलगाडीवर दोर आवळावा तशी आवळायची. आप्पा श्वास रोखून आढ्याकडे बघत. सगळं झालं की आई दोन पावलं मागे सरून बघायची आणि म्हणायची, माझ्या लग्नात मला कुणी इतकं नीट नेसवलं नव्हतं. हे ती दरवर्षी म्हणायची. मग स्वतःच आधी त्यांच्या पाया पडायची. मी पडायचे, शेजारच्या बायका पडायच्या, तान्ही पोरं त्यांच्या पायावर घालायच्या. आप्पा कुणापुढंही न वाकता, बांगड्या किणकिणवत, हात वर करून आशीर्वाद द्यायचे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी एक निवांतपणा यायचा. तो एरवी कधी दिसत नसे. एरवीचे आप्पा फार वाकणारे होते.

हे वाकणं मला सगळ्यात जास्त कधी दिसलं तर माझ्या दाखवण्याच्या कार्यक्रमांत. शेवगावच्या कॉलेजातून बी. ए. होऊन मी गावात बालवाडीवर शिकवत होते. मामानं माझ्यासाठी स्थळं बघायचा सपाटा लावला होता. आईचा हा भाऊ म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचा मध्यस्थ. जोडलेल्या लग्नांची त्याला इतकी घमेंड की मोडलेली तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकायचा. पाहुणे यायचे. आप्पा एसटीच्या थांब्यावर जाऊन त्यांच्या हातातल्या पिशव्या घ्यायचे. घरी त्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभे राहायचे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. मुलाच्या चुलत्याच्या मेहुण्यालासुद्धा हात जोडायचे. मुलीचा बाप, असं म्हणून ते स्वतःच ओशाळं हसायचे, आणि आत भिंतीला टेकून उभी असलेली मी दात-ओठ खायचे.

मी गप्प बसणारी नव्हते, हे सांगायलाच नको. एका स्थळाच्या काकांनी मला वाचता येतं का हे बघायला वर्तमानपत्र पुढे केलं. मी नेमकी पाटबंधारे खात्याची टेंडर नोटीस काढली आणि अटी-शर्तींसकट शेवटपर्यंत खड्या आवाजात वाचली. काका मध्ये दोनदा पुरे म्हणाले. मी पुरी करूनच थांबले. ते लोक जाताना म्हणाले, कळवतो. सगळेच तसं म्हणायचे. कळवतो म्हणायचे आणि काही कळवायचे नाहीत. आप्पा मात्र पुढचे पंधरा दिवस पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की दाराशी जायचे. मला आलेल्या नकारापेक्षा मला त्यांचं ते दाराशी जाणं सहन व्हायचं नाही.

मग राहुरीचं स्थळ आलं. मामानं फोटो आणला आणि मी तो बघून काही न बोलता परत दिला. मामा म्हणाला, ही पोरगी कशालाच हो म्हणणार नाही. त्याला काय माहीत. त्या माणसाला मी आधी बघितलं होतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेतीचं प्रदर्शन होतं, त्याला आम्ही बालवाडीच्या बायका एका ट्रॅक्स गाडीत दाटीवाटीनं बसून गेलो होतो. कांद्याच्या बियाण्याच्या स्टॉलवर हा उभा होता. समोर एक म्हातारी बाई. तिला ऐकायला कमी येत होतं आणि शंका भरपूर होत्या. तो तिला सांगत होता, ती पुन्हा विचारत होती, तो पुन्हा सांगत होता, पहिल्याच वेळी सांगावं तितक्या निवांतपणे. शेवटी ती म्हणाली की आमच्यात कांदा होतच नाही, मी आपली सहज विचारते. तर तो हसला आणि तिला प्यायला पाणी आणून दिलं. आमच्या घरात असा धीर आप्पांशिवाय कुणाला नव्हता, मला तर मुळीच नव्हता. परत येताना गाडीत सगळ्या गप्पा मारत होत्या आणि मी गप्प होते. तोच माणूस फोटोतून माझ्याकडे बघत होता. मला तो हवा होता, आणि हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मागायची सवय नव्हती. विचारणारंही कुणी नव्हतं.

मामानं दिवस ठरवला तो नेमका नाटकाचा रविवार. आईनं कपाळाला हात लावला. मामा म्हणाला, काळजी कशाला, ते सकाळी दहाला येतात, बाराला जातात. तुमची राणी दोनला सजते. मध्ये मुबलक वेळ. आमच्याकडे नाटक दुपारीच सुरू व्हायचं, कारण संध्याकाळच्या विजेचा भरवसा नसे आणि एकदा राणीचा शोक ऐन भरात असताना दिवे जाऊन ती कंदिलाच्या उजेडात रडली होती. तर दुपारी चारला नाटक, म्हणजे दोनला नेसणं. गणित सरळ होतं.

दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. आईनं केलेले कांदेपोहे गार होऊन शेजारच्या पोरांच्या पोटात गेले. आप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रस्त्यापर्यंत चार फेऱ्या मारून आले. एक वाजता मामानं जाहीर केलं की ते आता येत नाहीत, आणि त्यानं तरी असल्या आडमुठ्या लोकांना कधीच पसंत केलं नव्हतं. मी माझी साडी बदलायला गेले आणि पेटीवर बसून राहिले. मला रडू येत होतं आणि रडण्याचा संताप येत होता. बाहेर आप्पांनी आंघोळीचं पाणी काढलं.

आईनं शेवटची निरी खोचली, नथ लावली, मी पाया पडले, आणि गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

पाहुण्यांच्या जीपचं रस्त्यात चाक बसलं होतं आणि स्टेपनीही बसलेलीच होती. ते उन्हात ताटकळून, घामाघूम होऊन आले होते. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, खाकी सफारीतले, जीपमधून उतरतानाच घराची उंची-रुंदी डोळ्यांनी मोजणारे. आमच्या अंगणात तेव्हा आप्पांना न्यायला आलेला एक शिपाई भाला तुळशीला टेकवून बिडी ओढत होता. पाहुणे त्याच्याकडे बघत राहिले. मामानं त्यांना घाईघाईनं ओसरीवर बसवलं आणि आत धावत आला.

आत आप्पा होते तसेच उभे. मामानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला घाम फुटला. त्यानं हलक्या आवाजात आईला सांगितलं की शालू ताबडतोब उतरवा. आई म्हणाली, ते व्हायचं नाही. मामा म्हणाला, मग यांना मागच्या दारानं देवळात धाडा. मी सांगतो की कंपनीनं ओव्हरटाइमला बोलावलं. पोरीच्या बापाच्या जागी मी बसतो. आधीच उशीर झालेला, त्यात हे ध्यान त्यांच्या पुढं गेलं तर राहुरीपर्यंत हसत जातील आणि पोरीचं वाटोळं होईल.

मामा चुकीचं बोलत नव्हता, हाच तर वैताग होता. तो सफारीवाला माणूस आप्पांना बघून उठून जाईल, हे मला चित्रासारखं दिसत होतं. पण आप्पांनी मागच्या दारानं जायचं, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. मी मामाला म्हटलं, आप्पा नसतील तर मी चहा घेऊन जाणार नाही, तूच जा आणि तुलाच पसंत करून घे. मामा माझ्या अंगावर ओरडणार, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. बांगड्या वाजल्या.

"देवीचा शालू लपवून ठिवायचा म्हंजे काय?" ते म्हणाले. "मी काय चोरी केली न्हाई."

आणि ते ओसरीवर गेले.

मी दाराच्या फटीतून बघत होते. मुलाच्या आईला आधी वाटलं की मुलीची आत्या वगैरे असावी. आडव्या अंगाची, भारदस्त, जरा जास्तच दागिने घालणारी. त्या चटकन सरकून चटईवर जागा करून द्यायला लागल्या आणि म्हणाल्या, या, बसा ना वन्सं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलीचे वडील दिसत नाहीत ते.

"मी मुलीचा बाप," आप्पा त्यांच्या नेहमीच्या जाड आवाजात म्हणाले.

मुलाच्या वडिलांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. मामानं डोळे मिटून घेतले. अंगणातल्या शिपायानं प्रसंग ओळखून बिडी विझवली. आप्पांनी मात्र काही घाई केली नाही. त्यांनी सावकाश सांगितलं की आज गावचं नाटक आहे, हा देवीचा शालू आहे, आरती होईपर्यंत तो उतरवता येत नाही. उशीर तुमचाही झाला, आमचाही नाइलाज आहे.

"एरवी तुमचे पाय धुतले असते मी," ते म्हणाले. "पर हा अंगावर असंस्तवर वाकायचं न्हाई, असा नेम हाय. तेवढं समजून घ्या."

मुलाच्या आईनं त्या शालूचे काठ डोळे भरून बघितले. मग त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आप्पांच्या पायांवर डोकं टेकवलं. अगदी व्यवस्थित, देवळात टेकवतात तसं. उठताना नवऱ्याला म्हणाल्या, अहो, देवीचं आहे. बसलात काय?

आमच्या गावाच्या इतिहासात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाच्या पाया पडल्याचं कुणी ऐकलं नसेल. सफारीवाल्यांची मोठी कुचंबणा झाली. पडावं तर मुलाचा बाप, न पडावं तर समोर देवी आणि बाजूला बायको. शेवटी ते उठले, गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले आणि वाकताना त्यांच्या सफारीची शिवण कुठंतरी करकरली. मागोमाग मुलगाही पाया पडला. तो मात्र हसू दाबत होता. त्याचे खांदे हलताना मला दिसले, आणि माझाही इतका वेळ धरून ठेवलेला श्वास फसकन सुटला. आप्पांनी तिघांनाही राणीचा आशीर्वाद दिला. आत आई पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतरचा कार्यक्रम असा झाला, की तसा मी आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. आप्पा खुर्चीवर बसले, कारण शालूत खाली बसता येत नव्हतं. पाहुणे चटईवर बसले, कारण आमच्याकडे खुर्ची एकच होती. मी चहा नेला. मला कुणी चालायला लावलं नाही, वाचायला लावलं नाही. मुलाच्या आई एकसारख्या शालूच्या काठाकडे बघत होत्या आणि असे काठ आता मिळत नाहीत म्हणत होत्या. मुलानं मला एकच विचारलं, बालवाडीत किती मुलं आहेत. मी म्हटलं, आहेत पुष्कळ, पण रोज येतात ती वेगवेगळी. तो म्हणाला, आमच्या कांद्याच्या रोपांचंही तसंच असतं. यावर हसावं की नाही हे ठरवता येईना, म्हणून मी बशा गोळा केल्या.

मुलाच्या वडिलांनी आता घसा साफ केला. ते स्वतःच्या जागी परत यायला बघत होते, हे दिसतच होतं. मुलगा विद्यापीठात कायम आहे, मागण्या खूप येत आहेत, लोक काय काय द्यायला तयार आहेत, अशी त्यांनी सुरुवात केली. या सुरुवातीला आप्पा एरवी पुढं झुकून, हात जोडून, होय साहेब, बघतो साहेब, असं म्हणायला लागायचे. मी बशा धरून तिथंच थांबले. आप्पा झुकले नाहीत. पाठ खुर्चीला न टेकवता, मान ताठ ठेवून, नथ किंचित हलवत ते नुसते ऐकत राहिले. समोर तसूभर न हलणारी राणी आणि आपण खाली चटईवर. सफारीवाल्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. लोकांनी द्यायला काढलेल्या वस्तू मोटारसायकलवरून घड्याळावर आणि घड्याळावरून काहीच नको इथपर्यंत आल्या. शेवटी त्यांनी उठायची तयारी केली आणि सवयीनं म्हणाले की ठीक आहे, घरी जाऊन विचार करून आम्ही कळवतो.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "आमी कळवू."

मामाच्या हातातला पानाचा डबा खाली पडला.

"पोरीला इचारावं लागंल आधी," आप्पा म्हणाले. "तिला काय वाटतं ते बघतो, मग कळवतो."

मुलाचे वडील उघड्या तोंडानं बघत राहिले. आणि मग त्यांची बायको अगदी साधेपणानं म्हणाली, बरोबरच आहे, विचारायला हवं. आमच्या वेळी कुणी विचारलं नाही. हे म्हणताना त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि नवरा छपराकडे.

मी बशा घेऊन आत पळाले. मला रडू आलं. सरळ हुंदके देऊन रडले, चुलीपाशी, बशा मांडीवर घेऊन. आई म्हणाली, फोडशील. त्या बशा शेजारच्या होत्या.

पुढं कितीतरी वर्षांनी मी आप्पांना विचारलं की एवढं बळ कुठून आलं तुम्हाला त्या दिवशी. तेव्हा ते रिटायर झाले होते, राणीही दुसऱ्याला दिली होती. ते म्हणाले, कसलं बळ, तुझ्या आईनं आवळलंच इतकं होतं, वाकणार कुठून. मी ते खरं धरलं नाही. पण त्यांनी दुसरं उत्तर कधी दिलं नाही.

पाहुण्यांना आईनं नाटकाला थांबवून घेतलं. जीपचं चाक दुरुस्त व्हायचंच होतं. पुढच्या रांगेत बायकांच्या घोळक्यात मुलाच्या आई बसल्या, पुरुषांकडे सफारी आणि मुलगा. देवळापुढच्या मांडवात ऊन तिरकं येत होतं. बादशहा पाठ न दाखवता आले, शिपाई आले, त्यातला एक आमच्या अंगणातला. आप्पा आले तेव्हा मुलाच्या आईनं शेजारणीला कोपरानं ढोसलेलं मी बघितलं. शेजारणीला त्या बहुतेक सांगत होत्या की या बाईंना मी ओळखते.

पहिला अंक संपला आणि आई आणि मी निऱ्या सारख्या करायला ताडपत्रीमागे गेलो. पत्र्याच्या पेट्या, उसवलेले अंगरखे, सुतळीचे तुकडे, तोंडाला रंग लावून पाणी पिणारे सरदार. आप्पा एका कोपऱ्यात हात थोडे दूर धरून उभे होते. आई खाली बसून निऱ्या चाचपत होती. आप्पांच्या गालावरची पावडर घामानं फुटली होती आणि काजळ थोडं उतरलं होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"कसा वाटला गं तुला?" त्यांनी विचारलं.

इतकी स्थळं येऊन गेली. मी त्यांना कशी वाटले, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. मला कुणी कसा वाटला, हे विचारणारा हा पहिला माणूस माझ्यासमोर उभा होता, नथ घालून. माझं तोंड आईनं बघितलं. तिला सगळं कळलं असणार, कारण तिचा निऱ्यांतला हात थांबला आणि ती हसू लपवायला आणखी खाली वाकली. बाहेर घंटा झाली. बादशहा स्टेजवर जाऊन बसले होते आणि राणीनं जाऊन मुलाचे प्राण मागायची वेळ झाली होती. तरी आप्पा हलले नाहीत. खरंच उत्तराची वाट बघत होते.

"दोन दिवस लागतील मला," मी म्हटलं. "विचार करून सांगते."

"घे की," आप्पा म्हणाले. "चार घे. मी सांगतो त्यास्नी."

आणि ते स्टेजवर गेले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, अगं, पण तुझं तर... मी तिच्या तोंडावर हात ठेवला. होकार माझा केव्हाच झाला होता. पण तो मागायला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे आलं होतं, आणि मला तो इतक्यात देऊन टाकायचा नव्हता.